‘गंज-इ-सवाई’वरील हल्ला (१६९५) आणि प्रत्युत्तराचा अधिकार

दहशतवादी हल्ल्यानंतर पीडित राष्ट्राने लष्करी बळ वापरणे कायदेशीर आहे काय, हा प्रश्न ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभर चर्चिला गेला. हा पेच मात्र जुना आहे. हल्ला करणारे कोणत्याही राज्याचे सैनिक नसतील तर उत्तर कोणाला द्यायचे? सुरतेच्या इतिहासात या प्रश्नाचा एक बोलका प्रसंग आहे. त्या काळाला ‘दहशतवाद’ ही संज्ञा लावता येत नाही. परंतु जबाबदारीचा प्रश्न तोच होता.

सप्टेंबर १६९५ मध्ये मक्केहून हाजी यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. त्यापूर्वी सुरतेचे व्यापारी अब्दुल गफूर यांचे ‘फतेह मुहम्मद’ त्याच्या हाती पडले होते. खाफीखानाच्या ‘मुन्तखब-उल-लुबाब’मध्ये या जहाजावर बावन्न लाख रुपयांचे सोने-चांदी असल्याची नोंद आहे. यात्रेकरूंचे हाल आणि स्त्रियांवरील अत्याचार यांच्या वार्तेने सुरतेत संतापाची लाट उसळली.

एव्हरी ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर नव्हता. तथापि, आपण इंग्रज व डच जहाजांना त्रास देणार नाही, असे पत्र त्याने त्याच वर्षाच्या आरंभी लिहून ठेवले होते. अशा माणसाचा कंपनीशी काहीच संबंध नाही, यावर सुरतेचा विश्वास बसणे कठीण होते. सुभेदार इतिमादखानाने वखारीचे प्रमुख सॅम्युअल अॅनस्ली यांच्यासह इंग्रजांना अटकेत ठेवले. संतप्त जमावापासून त्यांचा बचावही त्यामुळेच झाला, हे लक्षात घेतले पाहिजे.

बादशहा औरंगजेबाची छावणी त्या वेळी भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे होती. इंग्रजांच्या मुंबईवर चाल करण्याचे हुकूम इतिमादखान आणि जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान यांना गेले. या सिद्दीने १६८९-९० मध्ये मुंबईला वेढा घातलेला होता. म्हणजे ही पोकळ धमकी नव्हती. पण खाफीखान सांगतो की, युद्धाने जकातीचे उत्पन्न बुडेल हे ओळखून इतिमादखानाने तयारीपलीकडे काही केले नाही. अखेरीस कंपनीने यात्रेकरूंच्या जहाजांना सशस्त्र संरक्षण देण्याचे मान्य केले आणि १६९६ मध्ये कैदी सुटले.

त्याच वर्षी लंडनमध्ये एव्हरीच्या सहा साथीदारांवर खटला चालला. ‘गंज-इ-सवाई’च्या आरोपातून पहिल्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. मग मूळ इंग्रजी जहाज पळवल्याचा नवा आरोप ठेवून त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि पाच जण फासावर गेले. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही.

आधुनिक कायद्याने या पेचाला काही मोजमापे दिली. १८३७ मध्ये कॅनडातील बंडखोरांना मदत करणारे ‘कॅरोलाइन’ जहाज ब्रिटिशांनी अमेरिकेच्या हद्दीत शिरून जाळले. त्यावरील पत्रव्यवहारातून दोन कसोट्या रूढ झाल्या : बळाची तातडीची गरज आणि तिच्या प्रमाणातच बळाचा वापर. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम ५१ ‘सशस्त्र हल्ला’ झाल्यास स्वसंरक्षणाचा अधिकार मान्य करते व सुरक्षा परिषदेला त्वरित कळवण्याचे बंधन घालते. निकाराग्वा खटल्यात (१९८६) आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सशस्त्र टोळ्या पाठवणे आणि त्यांना केवळ शस्त्रे पुरवणे यांत फरक केला. सुरक्षा परिषदेच्या १३६८ व १३७३ या ठरावांनी (२००१) दहशतवादाच्या संदर्भात स्वसंरक्षणाच्या अधिकाराचा उल्लेख केला. पण ज्या राज्याच्या भूमीवरून हल्ला झाला, त्या राज्याच्या संमतीवाचून तेथे बळ वापरता येते काय, यावर कायदेपंडितांत एकमत नाही.

भारताने दोन्ही वाटा चोखाळल्या आहेत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून समुद्रमार्गे मुंबईत आले. १६६ जणांचा बळी गेला. त्या वेळी लष्करी प्रत्युत्तर दिले गेले नाही; जिवंत पकडलेल्या हल्लेखोरावर रीतसर खटला चालून २०१२ मध्ये फाशी झाली. २०१९ मध्ये बालाकोट येथे हवाई हल्ला झाला. तेव्हा सरकारने ‘बिगर-लष्करी प्रतिबंधक कारवाई’ असे शब्द वापरले. पहलगामच्या हत्याकांडानंतर मे २०२५ मध्ये झालेल्या कारवाईचे वर्णनही ‘मोजूनमापून केलेली’ असे करण्यात आले. ही शब्दयोजना सहज आलेली नाही. लक्ष्य कोण आणि बळ किती, या कायद्याच्या दोन प्रश्नांना ते उत्तर आहे.

सुरतेचा प्रसंग वर्गात शिकवताना म्हणूनच केवळ लुटीच्या रकमेवर थांबू नये. हाजींचा आक्रोश खरा होता आणि न्यायाची मागणीही खरी होती. पण बेड्या पडल्या त्या हल्लेखोरांच्या देशबांधवांच्या पायांत. हल्लेखोर, त्याला पोसणारा आणि केवळ त्याचा जातभाई, भाषाबंधू वा धर्मबंधू असलेला माणूस यांच्यात भेद करणे, हे कायद्याचे पहिले काम आहे. तो भेद पुसला गेला तर उरतो तो फक्त सूड, आणि त्याची किंमत प्रत्येक काळात कोणा ना कोणा निरपराध समूहाला मोजावी लागते.