ओळखीचा इतिहास: लघवीतल्या साखरेपासून कृत्रिम ग्राहींपर्यंत

आपल्यातल्या ज्येष्ठांना बेनेडिक्टची परीक्षा आठवत असेल. काचनळीत निळं द्रावण, त्यात लघवीचे सात-आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. साखर असली की निळ्याचा हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी रंग. पण हे द्रावण ग्लुकोजला वेगळं ओळखत नाही. बाळंतिणीच्या लघवीत दुधातली साखर उतरली, तरी रंग तोच. म्हणजे रंग आला, पण मधुमेह ठरला नाही.

मग नेमकं ओळखायचं कसं? १८९४ मध्ये एमिल फिशर यांनी कुलूप-किल्लीची उपमा दिली. विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या जोडीच्या रेणूलाच धरतं. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज ओळखणारं विकर विद्युताग्रावर वापरलं. आजच्या ग्लुकोमीटरची पट्टी याच घराण्यातली. पण विकर हे प्रथिन. ऊन आणि दमट हवा त्याला मानवत नाही.

मग कुलूपच आपण घडवलं तर? डू पाँत कंपनीतले चार्ल्स पेडरसन दुसराच पदार्थ बनवत होते. त्यात चिमूटभर पांढरे स्फटिक निघाले. त्यांनी ते फेकले नाहीत, तपासले. तो कड्यासारखा रेणू होता, आणि त्याच्या पोकळीत पोटॅशियमचा आयन चपखल बसत होता! १९६७ मध्ये हे 'क्राउन इथर' जगापुढे आले. डॉक्टरेट नसलेल्या पेडरसन यांना १९८७ चं नोबेल मिळालं, क्रॅम आणि लेन यांच्यासोबत.

पुढे श्रीलंकेचे प्रसन्न डी सिल्वा यांनी बेलफास्टमध्ये अशा ग्राहीला चकाकणारा रेणू जोडला. आयन बसला की उजेड पडतो. या तत्त्वावर रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजणारी छोटी यंत्रं आली. २०१८ मध्ये अमेरिकेत त्वचेखाली बसवायच्या ग्लुकोज-संवेदकाला मान्यता मिळाली. त्यात विकर नाही, बोरॉनयुक्त कृत्रिम ग्राही आहे. तोही ९० दिवसांनी बदलावा लागे.

हे जालन्यात का सांगतो आहोत? पट्ट्यांच्या बऱ्याच डब्यांवर ३० अंशांच्या आत ठेवा, असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मंठ्यात किंवा भोकरदनमध्ये वीज गेली, की तो डबा कुठे ठेवायचा? उन्हाला टिकेल आणि खिशाला परवडेल असा ग्राही घडेल, तेव्हाच ही ओळख गावापर्यंत पोचली असं आपण म्हणू.