कँटर, डेव्हिड

कँटर, डेव्हिड : (५ जानेवारी १९४४ – ). ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ. जन्म लिव्हरपूल येथे. तेथील विद्यापीठाची पीएच.डी. (१९६९). स्ट्रॅथक्लाइड, सरे, लिव्हरपूल व हडर्सफील्ड विद्यापीठांत अध्यापन.

कँटर यांच्या कार्याचे वास्तू आणि गुन्हा असे दोन कालखंड पाडण्याचा प्रघात आहे. पण दोहोंच्या मुळाशी विचार एकच दिसतो. भौतिक घडण, तिथले व्यवहार आणि माणसाच्या मनातील तिची कल्पना या तिन्हींतून ‘ठिकाण’ घडते, असे त्यांनी द सायकॉलॉजी ऑफ प्लेस (१९७७) या ग्रंथात मांडले. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील आगीत (१९८७) ३१ जण दगावले. मृतांच्या हालचालींत घबराटीपेक्षा रोजच्या प्रवासाचा शिरस्ता अधिक दिसतो, असे त्यांनी इयन डोनाल्ड यांच्यासह दाखवले. सवयीच्या वाटा संकटातही सुटत नसतील, तर गुन्हा करतानाही त्या सुटू नयेत, हे ओघानेच आले. १९८६ मध्ये लंडनमधील रेल्वेलगतच्या बलात्कार व खुनांच्या तपासात त्यांनी घटनास्थळांवरून गुन्हेगाराच्या वस्तीचा अंदाज बांधला. गुन्हेगार ठरलेला जॉन डफी त्याच परिसरातला निघाला. पॉल लार्किन यांच्यासह केलेल्या अभ्यासात (१९९३) सर्वांत दूरच्या दोन घटनास्थळांना जोडणारी रेषा व्यास धरून वर्तुळ काढले, तेव्हा ४५ पैकी ३९ बलात्काऱ्यांची घरे त्याच्या आत आढळली. हा निबंध कँटर ज्याचे सहसंस्थापक होते त्या पर्यावरणीय मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, ही बाब दोन्ही कालखंडांमागे विचार एकच असल्याच्या मताला बळ देते.

आक्षेप गंभीर आहेत. एका यशस्वी भाकितावरून पद्धत सिद्ध होत नाही. शिवाय डफीचा साथीदार डेव्हिड मल्काही २००१ मध्ये दोषी ठरला, म्हणजे घटनास्थळांचा तो नकाशा अंशतः दोघांचा होता. संगणकीय आडाख्यांइतकेच अचूक अंदाज साधा नियम शिकवलेली माणसेही बांधतात, असे ब्रेंट स्नूक व सहकाऱ्यांना आढळले (२००४). मात्र याने कमीपणा येतो तो यंत्राला. तो साधा नियम मुळात माणूस घराच्या आसपास वावरतो या तत्त्वावरच उभा आहे. ऑस्ट्रेलियातील अभ्यासाचा (१९९७) आक्षेप अधिक वजनदार होय : तेथे घरफोडी करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचीच घरे वर्तुळात आढळली. गुन्ह्यागणिक ठिकाणाचा अर्थ बदलतो, हे उत्तर कँटर यांच्या सिद्धांताशी सुसंगत आहे. परंतु तो बदल आधी सांगता आला, तरच त्याला पुराव्याचे मोल येते.

क्रिमिनल शॅडोज (१९९४) या ग्रंथास गोल्ड डॅगर पुरस्कार.