खेळ रचणाऱ्यांची साक्ष

सापशिडी आपण सर्वच खेळलो आहोत. तिच्या जुन्या पटांवर मात्र घरांना नुसते आकडे नव्हते, नावे होती. आम्हां जैनांच्या ज्ञानचौपडीत बहुधा ८४ घरे असत: तळाशी नरक, वर देवांची विमाने, माथ्यावर सिद्धशिला. पर्युषणात कवड्या टाकून हा पट खेळत. वैष्णवांच्या पटाला बहुधा ७२ घरे. महाराष्ट्रात तो मोक्षपट झाला, आणि परंपरेने त्याचे कर्तेपण ज्ञानेश्वरांना दिले. ज्ञानेश्वर तेराव्या शतकातले. आज पाहायला मिळणारे बहुतेक पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. मधल्या काळात ज्यांनी हे पट आखले, साप कुठे आणि शिडी कुठे हे ठरवले, त्यांनी आपले नाव ठेवले नाही. रिकामी जागा दिसली की परंपरा तिथे थोर नाव बसवते, असे मला वाटते.

हे जुन्या काळापुरतेच होते असे समजू नका. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील अटारी कंपनी खेळाच्या खोक्यावर रचनाकाराचे नाव छापत नसे. वॉरेन रॉबिनेट याने आपल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात गुपचूप एक लपलेली खोली केली आणि तीत आपले नाव लिहून ठेवले. कंपनीला त्याचा पत्ता लागला तो एका खेळाडू मुलाच्या पत्रातून!

अशा माणसांना बोलते करण्याचे काम मिनेसोटातील प्राध्यापक मॅट बार्टन यांनी केले. ‘मॅट चॅट’ ही त्यांची यूट्यूबवरील मुलाखतमाला साहसाच्या आणि भूमिका घेऊन खेळायच्या जुन्या संगणकखेळांविषयी आहे. ‘फॉलआउट’ (१९९७) रचणारे टिम केन, ‘वेस्टलँड’ (१९८८) चे ब्रायन फार्गो असे लोक तीत सविस्तर बोलतात. काही संभाषणे २०१३ साली ‘ऑनरिंग द कोड’ या पुस्तकातही आली. होमिओपॅथीत केस घेताना रुग्णाच्या तोंडी उत्तर घालायचे नसते. मुलाखतकारालाही हे पथ्य लागते. तरीही तीस वर्षांपूर्वीची आठवण ती सांगणाऱ्याला थोडी झुकते माप देतेच. खोक्यावरची तारीख, नियमपुस्तिका यांच्याशी ती ताडून घ्यावी लागते. पण ताडायला आधी साक्ष तर हवी.

आपल्याकडे ती अजून थोडीफार शिल्लक आहे. इथे भोपाळात, चार इमलीतल्या एका घरी मी कापडावर काढलेली ज्ञानचौपड पाहिली. घरातल्या आजी नव्वदीच्या घरात. किती कवड्या उताण्या पडल्या म्हणजे किती घरे चालायचे, शेवटच्या घराला नेमके दान न पडल्यास काय करायचे, हे त्यांनी न अडखळता सांगितले. पटावर यातले अक्षरही लिहिलेले नाही. पट कोणी काढला, असे मी विचारले.

“सासूबाईंनी,” त्या म्हणाल्या. “खाली नाव घालायची रीत नव्हती.”

मी ते नाव विचारून वहीत उतरवले, आणि मग सापांबद्दल विचारायला घेतले.