जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन वाजतंय? बोअर करण्याआधी काजळी तपासा

बार्शीत आरएक्स १०० गेली की आजही माना वळतात. लातूर रोड असो नाहीतर भगवंत मंदिराचा परिसर, तो आवाज लपत नाही. कुणी वडिलांची येझदी शेडमधून बाहेर काढतं, कुणी जुनी राजदूत हौसेनं चालू करतं.

अडचण पुढे सुरू होते. काही दिवसांनी गाडी पळेनाशी होते, इंजिनातून खडखड येते आणि कुणीतरी सांगतं, "इंजिन गेलं, बोअर करावं लागेल."

आता बोअर करणं म्हणजे सिलेंडर आतून घासून थोडा रुंद करणं आणि त्यात मोठा पिस्टन बसवणं. हे ठरावीक वेळाच करता येतं, मग सिलेंडरच संपतो. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हैसूरच्या आयडियल जावाचा येझदीचा कारखानाही १९९६ मध्ये बंद पडला. त्यामुळे या गाड्यांचा मूळ सिलेंडर विनाकारण खर्ची घालणं परवडत नाही. खरं दुखणं अनेकदा काजळीचं, म्हणजे कार्बनचं असतं आणि ती काढता येते.

काजळी येते कुठून?

फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल इंजिनाच्या तळाशी राहतं. टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलसोबत आत जातं आणि जळतं. येझदी-राजदूतमध्ये ते पेट्रोलच्या टाकीतच मिसळावं लागतं, तर आरएक्स १०० मध्ये वेगळ्या टाकीतलं ऑइल पंप आत सोडतो. जे पूर्ण जळत नाही ते पिस्टनच्या डोक्यावर, हेडच्या आत, धूर बाहेर पडायच्या तोंडाशी आणि सायलेन्सरमध्ये थरानं साचतं.

काजळी वाढायची नेहमीची कारणं अशी:

- "जास्त ऑइल टाकलं की इंजिन टिकतं" हा समज
- टू-टी ऐवजी साधं किंवा वापरलेलं इंजिन ऑइल टाकणं
- धुळीनं भरलेला एअर फिल्टर
- कार्बोरेटरमधून जादा पेट्रोल जाणं
- घर ते मंडई, मंडई ते घर अशा छोट्याच फेऱ्या, ज्यात इंजिन नीट तापतच नाही

कोणता आवाज काय सांगतो?

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. या इंजिनांत टॅपेट नसतातच. त्यामुळे "टॅपेट सेट करू" असं कुणी म्हणालं, तर गाडी दुसऱ्याला दाखवलेली बरी.

- चढाला किटकिट: बार्शीहून येडशीकडे बालाघाट चढताना ताण पडला की काचेच्या गोट्या आपटल्यासारखा आवाज येतो. हे नॉकिंग. काजळीमुळे आतली जागा कमी होते, दाब वाढतो आणि तापलेले कण पेट्रोल अवेळी पेटवतात. चावी बंद करूनही इंजिन क्षणभर चालत राहिलं, तर संशय आणखी पक्का.
- आवाज दबका आणि गाडी मंद: सायलेन्सर तुंबला आहे.
- थंड असताना टकटक, तापल्यावर कमी: पिस्टन आणि सिलेंडरमधलं अंतर वाढलं आहे. इथे बोअरचा विषय रास्त आहे, पण आधी माप घ्यायला सांगा.
- क्लच दाबला की आवाज बदलतो: दुखणं क्लचच्या बाजूला असू शकतं.
- येझदीत डाव्या बाजूनं साखळीची खडखड: आतली प्रायमरी चेन सैल झालेली असू शकते.
- वेगासोबत वाढणारी घरघर किंवा खोल ठोके: क्रँकचं बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड. गाडी तिथेच थांबवा.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाजवळ धरतात. गाडी न्यूट्रलला ठेवा आणि फिरत्या भागांपासून हात, कपडे दूर ठेवा.

तपासणी स्वस्तापासून सुरू करा

पहिला नंबर स्पार्क प्लगचा. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त किंवा ठिणगी कमजोर. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरं दिसलं तर इंजिन गरजेपेक्षा जास्त तापतंय आणि ते जाम होऊ शकतं.

मग एअर फिल्टर. त्यानंतर सायलेन्सरच्या आतली भोकांची नळी, म्हणजे बॅफल, काढून बघा. सायलेन्सर उतरवला की धुराचं तोंडही दिसतं. तिथे जाड काळा थर असेल, तरच हेड खोलायची वेळ येते.

काजळी काढताना

पिस्टन आणि हेड अॅल्युमिनियमचे असतात, म्हणून लोखंडी पाना-पट्टीऐवजी लाकडी किंवा बांबूची पट्टी वापरतात. पिस्टन वर आणून त्याचं डोकं साफ करायचं आणि तुकडे आत पडू द्यायचे नाहीत. कॉस्टिक सोडा फक्त लोखंडी बॅफलसाठी, तोही हातमोजे आणि चष्मा घालून. अॅल्युमिनियमला तो खातो. हेड बसवताना गॅस्केट नवीन टाकायची.

रिंगच्या खाचा विसरू नका. तिथे काजळी भरली की रिंग अडकते आणि दाब गळतो. रोटरी इंजिनाच्या मोटरसायकललाही हेच दुखणं होतं. नॉर्टन क्लासिक ही ५८८ सीसीची ब्रिटिश रोटरी गाडी १९८७ मध्ये आली, बनल्या फक्त १००. तिच्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, पण ऑइल तिथेही जळतं आणि काजळी साचली की रोटरच्या टोकांवरच्या सील खाचेत अडकतात.

मग ऑइल कमी टाकायचं का?

अजिबात नाही. ऑइल कमी पडलं तर पिस्टन सिलेंडरमध्ये जाम होतो आणि मागचं चाक धावत्या गाडीत लॉक होऊ शकतं. असं झालंच तर लगेच क्लच दाबायचा आणि गाडी बाजूला घ्यायची. प्रमाण कंपनीच्या पुस्तकातलंच ठेवा. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी ऑइल घ्या, ते धूर कमी करतं. आरएक्स १०० असेल तर पंपाची केबल नीट जुळली आहे का, तेही बघून घ्या.

"बार्शी तिथे सरशी" असं म्हणतात. जुन्या गाडीच्या बाबतीत सरशी त्याचीच, जो आधी कान लावतो आणि मग पाना हातात घेतो.