पेन्शनर पूर्वजाचा शोध : स्कॉटिश दप्तरांचा एक धडा

'आमचे खापरपणजोबा पलटणीत होते,' हे वाक्य आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत ऐकू येते. कोणत्या पलटणीत, केव्हा, कोठे लढले, असे विचारले म्हणजे संभाषण बहुधा तेथेच थांबते. पलटणीतील पूर्वजाचा माग कागदांवरून कसा काढावा, याचा उत्तम वस्तुपाठ स्कॉटलंड देशात सापडतो. त्या देशाचा एक धागा आपल्या मराठवाड्याच्या भूमीत गुंतलेला आहे, म्हणून तो आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावी, दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी जनरल वेलस्लीची लढाई झाली. वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी व ७८ वी अशा दोन स्कॉटिश पलटणी होत्या. ७४ व्या पलटणीची तर त्या दिवशी भयंकर हानी झाली. जे वाचले, त्यांपैकी काही जण पुढे निवृत्तिवेतन घेऊन आपापल्या गावी परतले. अशा एखाद्या शिपायाच्या वंशजाने आज शोध आरंभिला, तर तो कसा पुढे जाईल?

शोधाचा पहिला नियम असा की, जवळच्या पिढीकडून दूरच्या पिढीकडे जावे. स्कॉटलंडात १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंद सुरू झाली. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईबापांची नावे, आणि आईचे माहेरचे आडनावही लिहिले जाते. म्हातारा शिपाई १८५५ नंतर वारला असेल, तर एका कागदावर मागची एक संपूर्ण पिढी हाती लागते.

दुसरे साधन खानेसुमारीचे. १८४१ च्या खानेसुमारीत प्रौढ माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत उतरवून लिहिलेली आहेत. १८५१ मध्ये मात्र नेमके वय व जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गाव, नोंदलेला आहे. धंद्याच्या रकान्यात 'चेल्सी पेन्शनर' असे शब्द आढळले की नवखा शोधक फसतो. आपला पूर्वज लंडनच्या चेल्सी रुग्णालयात राहत होता, असे त्यास वाटते. वस्तुतः १६८२ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत राहणारे शिपाई थोडे. बहुसंख्य पेन्शनर स्वतःच्या गावी राहूनच वेतन घेत असत. चेल्सी हे वेतन मंजूर करणाऱ्या संस्थेचे नाव होय.

या एका शब्दावरून तिसरे दार उघडते. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शनरांचे सेवामुक्तीचे कागद जतन केलेले आहेत. त्यांत जन्मगाव, भरतीच्या वेळचे वय, मूळचा धंदा, नोकरीची वर्षे, जखमा व वर्तणूक लिहिलेली असते. इतकेच नव्हे, तर उंची, केसांचा व डोळ्यांचा रंगही असतो. कारण भलत्याच इसमाने पैसे उचलू नयेत. सरकारने हिशेबासाठी केलेल्या सावधगिरीमुळे एका साध्या शिपायाचा चेहरा दोनशे वर्षे टिकला.

जन्मगाव कळले म्हणजे त्या पॅरिशची जुनी नोंदवही पाहावयाची. येथे वाट बिकट होते. काही वह्या नष्ट झाल्या आहेत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर असल्यामुळे अनेक गरिबांनी मुलांची नोंदच केली नाही. शिवाय एकाच नावाची अनेक माणसे! तेथेही आपल्याप्रमाणेच थोरल्या मुलास आजोबांचे नाव ठेवण्याची रीत होती. तेव्हा बायकोचे नाव, मुलांची नावे व वस्तीचे नाव जुळल्याखेरीज 'हाच तो' असे म्हणू नये.

असा शोध घेणाऱ्यास कधी कधी निराशाही पदरी येते. घरातील कथेतला 'सरदार' कागदात साधा शिपाई निघतो. मूळचा विणकर, आणि हात अधू झाल्यामुळे मुक्त केलेला. तथापि यात कमीपणा काय? कथेतील सरदार कोणाचाही असू शकतो. कागदातील अधू हाताचा विणकर मात्र त्याच घराचा असतो.

आता मन अस्वस्थ करणारी गोष्ट. असईच्या त्याच रणात आपल्या बाजूचे जे शिपाई पडले, त्यांतील किती जणांची उंची, गाव, धंदा आपणांस सांगता येईल? पुढच्या काळातही फार निराळे घडले नाही. १९१४ च्या महायुद्धाच्या दगडी पाट्या आपल्या अनेक गावांत आहेत. या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढेच त्यांवर असते. आकडा आहे, नाव नाही. आणि घराघरांतील वंशावळी पाहाव्यात, तर त्यांत पुरुषांची नावे ओळीने असून ज्यांच्या पोटी ती जन्मली त्या माउलींचा पत्ता नसतो.

गेलेला काळ परत आणता येणार नाही. परंतु उरलेले राखता येईल. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. घरातील वडीलधाऱ्यांस आजच विचारावे, आणि त्यांनी सांगितलेले सांगितल्याप्रमाणे, सांगणाऱ्याच्या नावासह लिहावे. पेन्शनचे पुस्तक, पदक, पलटणीचा नंबर, जुना सातबारा, शाळेचा दाखला, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वहीतील नोंद, जे असेल ते उतरून ठेवावे. ऐकीव काय व कागदाचे काय, हे वेगळे दाखवावे. प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव व गाव अवश्य लिहावे.

परदेशातील एका विणकराच्या डोळ्यांचा रंग सरकारी हिशेबाने राखला. आपल्या पूर्वजांचा असा हिशेब ठेवणारे कोणी नव्हते. तो आता आपणच ठेविला पाहिजे. ज्ञातिबांधव व भगिनी हे काम मनावर घेतील, अशी आम्हांस आशा आहे.