राळेगणसिद्धी : ग्रामशिस्त आणि समतेचा वाद

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील अवर्षणग्रस्त गाव. लष्करातून परतलेले अण्णा हजारे यांनी १९७५ पासून येथे पाणलोटाची कामे, श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी रुजवली. पाणी अडले आणि शेती सावरली, हे टीकाकारही मान्य करतात.

वाद आहे तो साधनांचा. वारंवार समजावूनही दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे हजारे यांनी स्वतः सांगितले आहे. आई आजारी मुलाला कडू औषध देते ते त्याच्या भल्यासाठीच, असे त्याचे समर्थन झाले. परंतु प्रौढ नागरिक हा गावाचे मूल नव्हे. गुन्ह्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, जमावाचा नाही.

दलित कुटुंबांचे थकलेले कर्ज गावाने त्यांच्या शेतात राबून फेडले. ही घटना खरोखर मोठी आहे. तरीही त्यांच्यावर शाकाहाराचा दबाव आल्याकडे आणि गावाची नीती वरच्या जातींच्या आचारांतून घडल्याकडे अभ्यासक मुकुल शर्मा यांनी लक्ष वेधले. हा आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याचे ताट आणि आचार स्वीकारण्याच्या अटीवर मिळालेला सहभाग समतेपेक्षा उणाच ठरतो.