यादीबाहेरचे बाळू

सर्वश्रेष्ठ गोलंदाज कोण, या वादात बार्न्स, वॉर्न, मुरलीधरन हटकून येतात. पालवणकर बाळू येत नाहीत. बार्न्स यांचे १८९ कसोटी बळी मोजता येतात. भारताची पहिली कसोटीच १९३२ ची; तोवर बाळूंची कारकीर्द संपली होती.

चर्मकार कुटुंबातला हा डावखुरा फिरकीपटू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखता राखता घडला. पुढे त्याच गोऱ्यांना हरवायला हिंदू संघाला तो हवासा झाला! मैदानात एकाच चेंडूला सर्वांचे हात लागत. चहा मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची निवड झाली नाही. ते पद १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.